हंगामी अध्यक्ष आणि चॅपेलचा बॉयलर

नाव: डॉ. ल्युवेनिया प्रेटर. वय: नमूद करण्याचे औचित्य नाही. हुद्दा: उपाध्यक्ष, शैक्षणिक विभाग, तसेच आवश्यकतेनुसार हंगामी अध्यक्ष. आवश्यकता: वारंवार. विशेष गुण: संकटांच्या ऐरणीवर घडलेले नेतृत्व, अविचल श्रद्धा, आणि संस्थेच्या प्रत्येक हाकेला ओ देण्याची वृत्ती. आजवर कोणतीही जबाबदारी नाकारल्याची नोंद नाही. सबब, हेब्रॉन हिल कॉलेज, टॅलबर्ट, अलाबामा, या संस्थेचे विश्वस्त मंडळ त्यांना येत्या संस्थापक दिनी पहिला 'चिकाटी सन्मान' सहर्ष प्रदान करीत आहे.

मिस टर्लीन बोल्डननी हा मजकूर दारात उभं राहून वाचून दाखवला. ल्युवेनियाबाई टेबलावरच दुपारचं जेवत होत्या. कागद वाचून झाल्यावर त्यांनी चमचा डब्यात ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं.

"म्हणजे पद गेलं," त्या म्हणाल्या.

"असं कुठे लिहिलंय, डॉक?" मिस टर्लीन म्हणाल्या. लोकांसमोर त्या खणखणीत आवाजात 'डॉक्टर प्रेटर' म्हणत, दार लोटलेलं असलं की 'डॉक'. सतरा वर्षं त्या या बाईंच्या सेक्रेटरी होत्या.

"टर्लीन, पहिल्या वेळी काय दिलं होतं?"

"काचेचं भांडं."

"दुसऱ्या वेळी?"

"खुर्ची," असं म्हणून मिस टर्लीननी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे कॉलेजचं सोनेरी बोधचिन्ह असलेली काळी खुर्ची होती. "डुलती."

हेब्रॉन हिलची पद्धत ठरलेली होती. विश्वस्त एखादा अध्यक्ष आणत. आवाज भरदार, उंची चांगली, धर्मोपदेशकाची दीक्षा घेतलेली असायची. तो येऊन दोन वर्षं दृष्टिकोन मांडायचा. मग मोठ्या कॉलेजात जायचा, किंवा टीव्हीवरच्या चर्चमध्ये, किंवा एकदा तर अध्यक्षनिवासात बांधलेल्या पोहण्याच्या तलावाबद्दल विचारणा झाल्यावर थेट मेक्सिकोला. तो गेला की त्याच संध्याकाळी ल्युवेनियाबाईंचा फोन वाजायचा. त्या येत, विस्कटलेलं सगळं घडी घालून ठेवत, मान्यता समितीला तोंड देत, आणि कॉलेज पुन्हा पायावर उभं राहिलं की विश्वस्त देशभर शोध घ्यायला निघत. शोधाच्या शेवटी आणखी एक भरदार आवाज सापडे आणि ल्युवेनियाबाईंना एखादी वस्तू मिळे.

पहिल्या वेळी त्यांनी अर्जच केला नव्हता. मंडळाचे प्रमुख रेव्हरंड अ‍ॅल्विन गेन्स म्हणाले होते, "सिस्टर प्रेटर, आपल्या माणसाला अर्ज कशाला लागतो? मंडळाला सगळं ठाऊक आहे." दुसऱ्या वेळीही तसंच. पद दुसऱ्याला गेल्यावर तेच रेव्हरंड म्हणाले, "अहो, पण तुम्ही अर्जच केला नाहीत. आम्हाला कसं कळणार?" म्हणून या तिसऱ्या वेळी त्यांनी अर्ज केला होता. रीतसर, वेळेत, सगळ्या जोडपत्रांसकट. निर्णय मंगळवारी व्हायचा होता. संस्थापक दिन त्याच्या आधीच्या रविवारी होता. हे गणित त्यांना चमचा खाली ठेवण्याच्या आतच सुटलं होतं.

फोन वाजला. रेव्हरंडच होते.

"सिस्टर प्रेटर! अभिनंदन!" रेव्हरंड गेन्स यांना एका बायबल विद्यालयाने मानद पदवी दिली होती आणि कोणी त्यांना डॉक्टर म्हणायला विसरलं तर ते वाट पाहत. ल्युवेनियाबाईंची पदवी ओहायोतल्या विद्यापीठाची, सहा वर्षं घासून मिळवलेली. त्या मात्र चर्चमधल्या कुठल्याही बाईसारख्या नुसत्या सिस्टर. "रविवारी सहा मिनिटं बोलायचंय तुम्ही. संकटांनी तुम्हाला कसं घडवलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. ते कापसाचं सांगा."

"मी कापूस वेचलेला नाही, रेव्हरंड."

"नाही?"

"माझे वडील टपाल खात्यात होते. तुमचं पत्र पण तेच आणून देत."

"मग आजीचं सांगा. आजीने वेचला असेल."

"आजीचं शिवणकाम होतं."

एवढी सुखवस्तू आजी रेव्हरंडांच्या हिशोबात बसत नसावी. "बरं, ते तुम्ही बघा. वेदना हवी, सिस्टर. वेदनेतून मुलांना बळ मिळतं. आणि हो, त्या दिवशी जरा लवकर येऊन बॉयलरचं बघाल ना? बाहेरचे पाहुणे आहेत. मेम्फिसचे डॉक्टर हाल्सी. काय आवाज आहे हो त्यांचा!"

ल्युवेनियाबाईंनी फोन ठेवला आणि मिस टर्लीनकडे पाहिलं. मिस टर्लीन खुर्चीकडे पाहत होत्या.

"आवाज आहे म्हणे," ल्युवेनियाबाई म्हणाल्या.

"असणारच," मिस टर्लीन म्हणाल्या.

संकटं त्यांच्या वाट्याला आली नव्हती असं नाही. ओहायोत पहिल्याच आठवड्यात विभागाच्या मेजवानीत तीन प्राध्यापकांनी त्यांच्या हातात आपापले कोट दिले होते. त्यांनी ते नीट टांगले, कारण कोट चांगले होते, आणि मग त्याच तिघांसमोर बसून आपला विषय मांडला. मार्गदर्शकाने दोन वर्षं त्यांना दुसऱ्याच एका मुलीच्या नावाने हाक मारली. ती मुलगीही काळी होती, एवढंच साम्य. पण तिथे निदान कोणी ओळखत नव्हतं म्हणून त्रास होता. घरी परत आल्यावर कळलं की सगळे ओळखतात हा त्याहून मोठा त्रास आहे. मंडळातल्या निम्म्या लोकांनी त्यांना नाताळच्या नाटकात मेंढी झालेलं पाहिलं होतं. मेंढीला अध्यक्ष कसं करायचं?

शिवाय प्रवचनपीठाचा प्रश्न होता. तो कोणी बोलून दाखवत नसे. कॉलेजचे संस्थापक एल्डर क्रम यांनी चॅपेल बांधलं तेव्हाच पाडलेला दंडक होता की प्रवचनपीठावर बाईने चढायचं नाही. बाईला बोलायचं असेल तर खाली जमिनीवर एक लाकडी स्टँड होता, तिथून बोलावं. अध्यक्ष मात्र संस्थापक दिनी आणि पदवीदानाला वरूनच बोलत. ल्युवेनियाबाईंनी दोन पदवीदानं खालच्या स्टँडवरून उरकली होती, आणि मागच्या बाकांवरच्या आयांना आपली मुलं दिसली पण अध्यक्ष दिसला नाही. दर शनिवारी बायका फडकं घेऊन त्याच प्रवचनपीठावर चढत आणि पितळी रेलिंग घासत. ते चढणं धरत नसत. मंडळाच्या बैठकीत मात्र कोणी पीठाचं नावही काढत नसे. "धर्मसेवेचा अनुभव असलेला माणूस हवा" असं म्हणत, आणि सगळे माना डोलावत.

आणि तो बॉयलर. बंद पडलेल्या एका इस्पितळातून तो स्वस्तात आणलेला, चॅपेलच्या तळघरात बसवलेला. चॅपेल आणि शेजारची कचेरीची इमारत, दोन्हींना ऊब त्याचीच. मुलांच्या वसतिगृहांना वेगळा होता, देवाची कृपा. हा मात्र तासा-दीड तासाने धाप लागल्यासारखा थांबे. मग कोणीतरी खाली जाऊन डावीकडच्या दांड्याला धरून ठेवून झडपेखाली पाना हाणायचा. ल्युवेनियाबाई पहिल्यांदा हंगामी अध्यक्ष झाल्या त्या थंडीत त्यांनी हे शिकून घेतलं, दुसऱ्या कोणी नाही. तेव्हापासून उपासना चालू असताना रेडिएटर गार पडू लागले की त्या दुसऱ्या ओळीतून हळूच उठत, उंच टाचांचे बूट आणि झगा सावरत खाली जात. थोड्या वेळाने जमिनीखालून 'ठण्ण' असा आवाज येई आणि सगळं चॅपेल एकमुखाने म्हणे, "आमेन!" प्रत्येक अध्यक्षाने सांगितलं होतं की बॉयलरचं पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तो नसायचा.

शनिवारी दुपारी त्या आईकडे गेल्या. मदर एस्टेल प्रेटर सत्याऐंशीच्या होत्या, चर्चमध्ये वडीलधाऱ्या बायकांना मानाने मदर म्हणत त्यांतल्या सर्वांत ज्येष्ठ, आणि सिंकमध्ये कोलार्डची, म्हणजे कोबीच्या जातीच्या पालेभाजीची, पानं तिसऱ्यांदा धूत होत्या. पहिल्या दोन पाण्यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

"सन्मान मिळतोय म्हणे," मदर एस्टेल म्हणाल्या. "ती पाटी माझ्याकडे आण. तुझ्या घरी भिंत कुठाय?"

"आई, तो सन्मान नाही. ते लोक पद दुसऱ्याला देतायत आणि मला पाटी देतायत."

"पाटी तर देतायत ना? माझ्या वेळी तेही देत नव्हते."

"तू पन्नास वर्षं चर्चचं स्वयंपाकघर चालवलंस. तुला काय दिलं?"

"किल्ली," मदर म्हणाल्या आणि पानं झटकली. त्याचं पाणी ल्युवेनियाबाईंच्या चष्म्यावर उडालं. "हे बघ व्हीनी, काम दिसलं की करायचं. मी नाही केलं तर कोण करणार? एवढंच मला ठाऊक आहे. तुलाही तेच शिकवलं."

"शिकवलंस," ल्युवेनियाबाई म्हणाल्या आणि चष्मा पुसत राहिल्या. घराघरांत हेच शिकवलं होतं. मी नाही केलं तर कोण करणार? हा प्रश्न आहे असं त्यांना लहानपणी वाटे. हल्ली वाटायला लागलं होतं की हा प्रश्न नसून उत्तर आहे, आणि मंडळाने ते कधीच पाठ केलंय.

"उद्या माझा फरचा कोट काढ," आई म्हणाली. "चॅपेलमध्ये गारठा असतो. तू बॉयलरसाठी उठायला उशीर करतेस हल्ली."

रविवारी सकाळी ल्युवेनियाबाई सगळ्यांच्या आधी चॅपेलमध्ये पोचल्या, तळघरात उतरल्या, दांडा धरला, पाना हाणला, बॉयलर पेटला. वर येताना जिन्यात त्या स्वतःवरच चरफडल्या. कोणी बघायलाही नव्हतं, तरी केलंच.

झगे घालायच्या खोलीत एक उंच गृहस्थ आरशासमोर कॉलर नीट करत होते. त्यांनी वळून दोन्ही हातांनी ल्युवेनियाबाईंचा हात धरला.

"डॉक्टर प्रेटर! मी डेमेट्रियस हाल्सी. तुम्हाला भेटायचंच होतं." आवाज खरंच होता. खोलीतल्या हँगरला त्याचा कंप जाणवला असेल. शिवाय त्यांनी डॉक्टर म्हटलं होतं, म्हणजे माणूस वाईट नव्हता. "मोकळं सांगतो, मी रेव्हरंड गेन्स यांना स्पष्ट म्हटलं, डॉक्टर प्रेटर राहणार असतील तरच मी येईन. तुमच्याशिवाय हे कॉलेज कोणाला चालवता येईल, सांगा ना?"

"मग रेव्हरंड काय म्हणाले?"

"म्हणाले, सिस्टर प्रेटर? ती कुठे जाते? ती इथलीच आहे."

"मला कोणी विचारलेलं नाही."

हाल्सी थोडे गोंधळले. "काहीच सांगितलं नाही?"

"सन्मानपत्र दिलंय," ल्युवेनियाबाई म्हणाल्या. त्यांनी झगा चढवला आणि टोपी सरळ केली. हाल्सी वर प्रवचनपीठावर रेव्हरंडांच्या शेजारी जाऊन बसले. त्या खाली दुसऱ्या ओळीत आईशेजारी बसल्या.

चॅपेल भरलं होतं. मदरांच्या बाकावर पांढरे कपडे आणि पांढऱ्या हॅट. हॅटांमागे बसलेल्यांना प्रवचनपीठ दिसण्याचा संबंधच नव्हता. प्रत्येक बाकावर अंत्यविधी करणाऱ्या दुकानाचं नाव छापलेले कागदी पंखे ठेवले होते. फेब्रुवारीत त्यांचा उपयोग टाळ्या वाजवायला. गायकवृंदाने दोन गाणी म्हटली. रेव्हरंड उभे राहिले आणि सन्मानपत्र वाचू लागले. "संकटांच्या ऐरणीवर घडलेलं नेतृत्व..." इथे कुठेतरी रेडिएटर टिकटिकले आणि गप्प झाले.

आधी गायकवृंदातल्या सोप्रानोने मान वळवली. मग मंडळाच्या बाकावरचे दोघे. मग विद्यार्थी. हळूहळू साऱ्या हॅट वळल्या. रेव्हरंड "हाकेला ओ देण्याची वृत्ती" इथपर्यंत पोचले होते. त्यांनी कागदावरून डोळे वर केले, ल्युवेनियाबाईंकडे पाहिलं, आणि हनुवटीने जमिनीकडे इशारा केला.

ल्युवेनियाबाई बसून राहिल्या.

रेव्हरंड खाकरले. पुन्हा हनुवटी. आईने त्यांच्या दंडाला कोपराने ढोसलं. "व्हीनी. गार झालं."

ल्युवेनियाबाई उठल्या, अंगावरचा झगा काढला, तो आईच्या गुडघ्यांवर नीट पांघरला, कडा दोन्हीकडून खोचल्या, आणि परत बसल्या. आईने लेकीकडे असं पाहिलं जसं मेंढी झालेली असताना ती मध्येच उभी राहून संवाद म्हणायला लागली होती तेव्हा पाहिलं होतं.

पाटी देण्यात आली. लाकडाची, जड. ती घेऊन ल्युवेनियाबाई खालच्या स्टँडपाशी गेल्या. तोंडातून वाफ निघत होती.

"रेव्हरंड गेन्स यांनी मला विषय दिलाय," त्या म्हणाल्या. "संकटांनी मला कसं घडवलं."

"सांग त्यांना!" मागून कोणीतरी म्हणालं.

"संकटांनी मला घडवलं नाही."

"आमेन!" सवयीने आलं, आणि मग कोणीतरी हळूच म्हणालं, "हं?"

"संकटांनी मला उशीर केला. बस. मला घडवलं आईने, पाचवीच्या मिस ऑफेलिया बार्न्सनी आणि ग्रंथालयाने. संकटं नसती तर मी इथेच पोचले असते, फक्त गुडघे बरे असताना पोचले असते."

मदरांच्या बाकावरून "हो बाई" असं कोणीतरी म्हणालं. गुडघ्यांबद्दल तिथे एकमत होतं.

"संकटांनी घडवलं ते तुम्हाला. तुम्हाला सवय लागली. इथे काही बिघडलं की माना माझ्याकडे वळतात. आत्ताच वळल्या. माझ्या आईचीसुद्धा वळली." वरच्या गॅलरीतल्या विद्यार्थ्यांमध्ये हसू फुटलं आणि मिस टर्लीनच्या एका नजरेने दबलं. "मी दर वेळी उठले, म्हणून तुम्हाला वाटलं उठणं हा माझा स्वभाव आहे. आज चिकाटीबद्दल मला पाटी दिलीत. अहो, चिकाटी बॉयलरकडे पण आहे. त्याला कोणी अध्यक्ष केलं?"

आता कोणीच काही म्हणत नव्हतं. अशा वेळी तिथल्या चर्चमध्ये एकच गोष्ट म्हणतात, वक्ता अडखळतोय असं वाटलं की. ती मदर एस्टेल म्हणाल्या, गुडघ्यांवरचा झगा धरून, स्पष्ट आवाजात: "सावकाश, बाळा. सावकाश."

ल्युवेनियाबाईंचा आवाज पहिल्यांदा जरा हलला. मग सावरला.

"बॉयलर बंद आहे. मला तो चालू करता येतो. मी करणार नाही. मंगळवारी तुम्ही अध्यक्ष निवडाल. मी अर्ज केलेला आहे. तो वाचा. दुसरं कोणी निवडलंत तर त्यांना माझ्या शुभेच्छा, मनापासून. पण त्या दिवसापासून मी इथे हंगामी नाही, उपाध्यक्ष नाही, आणि तळघरात तर मुळीच नाही."

हेब्रॉन हिलच्या संस्थापक दिनाचं ते सर्वांत छोटं भाषण होतं. त्या जाऊन बसल्या. मंडळाच्या बाकावर कोणीतरी कागदी पंखा उगाचच हलवून पाहिला. रेव्हरंडांनी गायकवृंदाला खूण केली. गाणं वाफेसकट सुरू झालं. डॉक्टर हाल्सींनी पाऊण तासाचं प्रवचन पाव तासात संपवलं. शेवटच्या परिच्छेदात तर त्यांचा तो आवाज दातांवर आपटत होता.

उपासना संपल्यावर हाल्सी सगळ्यांशी हस्तांदोलन करून नाहीसे झाले. मिस टर्लीनला ते तळघरात दिसले. कोटाची बाही नाकाला लावून ते बॉयलरभोवती एकदा फिरले, वरच्या बाजूला अडकवलेला पाना पाहिला, दांड्याला बांधलेली जुनी मोज्याची चिंधी पाहिली. सोमवारी त्यांचा निरोप आला. त्यांनी प्रार्थना केली होती आणि प्रभू त्यांना अलाबामाकडे नेत नव्हता. प्रभूने तळघर दाखवलं होतं, हे त्यांनी लिहिलं नाही.

सोमवारी संध्याकाळी रेव्हरंड गेन्स मदर एस्टेलच्या स्वयंपाकघरात येऊन बसले, अंगात ओव्हरकोट तसाच. कालपासून त्यांनी तो काढलाच नसावा. मदरनी त्यांच्यापुढे कोलार्डची भाजी आणि मक्याचा ब्रेड ठेवला. ल्युवेनियाबाई समोर बसल्या होत्या. त्यांनी काहीच ठेवलं नाही.

"सिस्टर, हा काय हट्ट?" रेव्हरंड म्हणाले. "कचेरीत सगळे हातमोजे घालून बसलेत. महिन्याभरात मान्यतावाले येणार. मंडळ तुम्हाला पूर्ण वर्षभरासाठी हंगामी नेमायला तयार आहे. संपूर्ण अधिकारांसह."

"नको."

"वाढीव पगार."

"नको."

"बरं, तो दांडा कुठल्या बाजूला धरायचा तेवढं तरी सांगा."

"दुरुस्ती करणाऱ्या माणसाला बोलवा, रेव्हरंड. असतात अशी माणसं. फोन उचलतात."

रेव्हरंडांनी ब्रेडचा तुकडा मोडला. "मग तुम्हाला हवंय तरी काय?"

"अर्जात लिहिलंय."

रेव्हरंडांनी ब्रेडकडे पाहिलं.

"वाचला नाहीस ना, अ‍ॅल्विन?" मदर एस्टेल म्हणाल्या. रविवारच्या शाळेत त्यांनीच त्याला वाचायला शिकवलं होतं, आणि रागावल्या की त्यांच्या लेखी तो अजून पहिल्या बाकावर होता.

"मदर, वाचायचं काय? आम्हाला सिस्टरचं सगळं ठाऊक आहे."

"ऐकलंस?" ल्युवेनियाबाई आईकडे वळून म्हणाल्या. "यांना सगळं ठाऊक आहे. अर्ज केला नाही तेव्हा कळलं नाही, अर्ज केला तर वाचायची गरज नाही. आता मी काय करू? नाचून दाखवू?"

रेव्हरंडांनी काटा खाली ठेवला. मग ज्या गोष्टीचं मंडळाच्या बैठकीत कोणी नाव काढत नसे ती त्यांनी कोलार्डच्या भाजीला सांगितली. "प्रवचनपीठाचं काय करायचं? अध्यक्षाला वर चढावं लागतं. एल्डर क्रम यांचा दंडक आहे."

"अच्छा," ल्युवेनियाबाई म्हणाल्या. "तर हे आहे."

"मी नाही म्हणत. लोक म्हणतील."

"लोक काल माझ्याकडे बघत होते, रेव्हरंड. सगळे. थंडी वाजली तेव्हा एल्डर क्रमकडे कोणी बघितलं नाही. त्यांचा फोटो तर समोरच होता." त्या उठल्या आणि अखेर रेव्हरंडांच्या कपात कॉफी ओतली. "मला प्रवचन करायचं नाही. मला हौस नाही. पण अध्यक्ष जिथून बोलतो तिथून मी बोलणार. नाहीतर दुसरा शोधा. देश मोठा आहे."

रेव्हरंडांनी आधारासाठी मदर एस्टेलकडे पाहिलं. जुन्या वळणाची बाई, एल्डर क्रमना प्रत्यक्ष पाहिलेली. त्या सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि भांडं घासत होत्या. घासून झालं तरी घासत होत्या.

"तिसरी पायरी करकरते," त्या शेवटी म्हणाल्या. "मधोमध पाय ठेवू नकोस, व्हीनी. कडेने चढ."

रेव्हरंड उरलेला ब्रेड खाऊन, टोपी घेऊन गेले. आईने त्यांचं ताट उचललं. भाजी तशीच होती. "खाल्ली नाही," ती म्हणाली. "तीन पाण्यांतून धुतली होती मी." या संध्याकाळचा राग तिला एवढ्याचाच आला, किंवा एवढाच तिने दाखवला.

मंगळवारी मंडळाची बैठक झाली. हातमोजे घालून अर्जाची पानं उलटता येत नाहीत, म्हणून विश्वस्तांनी ते काढले, आणि मग बोटं गारठू नयेत म्हणून भराभर वाचलं, असं मिस टर्लीन सांगतात. दुपारपर्यंत चर्चा. चौघे विरोधात. त्यांतला एक म्हणाला की बाई चांगली आहे, पण कडू झाली आहे. दुसरा म्हणाला की आपण कडू केली, आता आपणच चाखू. बाकीच्यांनी हात वर केले. रेव्हरंड गेन्स यांचा हात सर्वांत शेवटी वर गेला, पण गेला.

समारंभात अध्यक्षांनी गळ्यात घालायच्या साखळीत प्रत्येक अध्यक्षाच्या नावाची एक चांदीची पट्टी असते. हंगामी अध्यक्षांची नसते. ल्युवेनियाबाईंच्या नावाची पट्टी करायला टाकली. बातमी त्यांना आईच्या घरी फोनवर कळली. स्वयंपाकघराच्या खुर्चीवर बसून त्यांनी एक एक करून दोन्ही बूट काढले आणि तळपाय चोळत बसल्या.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. गुडघे दुखतायत."

बुधवारी कॉलेजने अधिकृत निवेदन प्रसिद्ध केलं. देशव्यापी शोधाअंती, प्रार्थनापूर्वक विचारविनिमय करून, विश्वस्त मंडळाने डॉ. ल्युवेनिया प्रेटर यांची अध्यक्षपदी निवड केली असून, दीर्घकाळच्या संकटांनी घडवलेले त्यांचे नेतृत्व संस्थेस नव्या युगात नेईल असा मंडळाचा दृढ विश्वास आहे.

त्याच दिवशी सकाळी रेव्हरंडांनी बोलावलेला बॉयलरवाला आला. त्याने एक झडप बदलली आणि जेवायच्या सुट्टीआधी निघून गेला.